कसर लागली म्हणजे नक्की काय लागलं? कपडे खाणाऱ्या किड्यांचा घरातून बंदोबस्त

डिसेंबरात महाबळेश्वरला जायचं ठरलं म्हणून माळ्यावरची गरम कपड्यांची बॅग खाली काढली. बाबांचा राखाडी लोकरी मफलर अगदी वरच होता. उलगडून खिडकीसमोर धरला, तर चाळणी! बॅगेत डांबरगोळ्या होत्या, नाकाला झोंबेल इतका वासही येत होता, तरी ही गत. आईला फोन केला तर म्हणाली, "कसर लागली असेल गं. गोळ्या कमी पडल्या."

गोळ्या कमी पडल्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी मनालीहून आल्यावर मीच तो मफलर न धुता घडी घालून ठेवला होता आणि बॅगेची चेन वीतभर उघडी राहिली होती. त्यानंतरचे तीन-चार महिने घरातलं एकेक बोचकं सोडून पाहण्यात गेले. तेव्हा जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. आमचं घर ठाण्यात, म्हणजे पावसाळ्यात भिंतींना घाम फुटणारं. कोरड्या हवेतल्या वाचकांनी ओलाव्याचा भाग थोडा सैल धरला तरी चालेल.

आधी भोक कशाने पडलंय ते पाहा

टी-शर्टला पोटाजवळ बारीक बारीक भोकं पडली की लोक लगेच कपाटात गोळ्या टाकतात. ती भोकं बहुतेक वेळा जीन्सच्या बटणाने, पट्ट्याच्या बकलाने किंवा ओट्याच्या कडेला घासून पडलेली असतात. स्वच्छ सुती कापडात या किड्यांना फारसा रस नसतो. शंभर टक्के पॉलिएस्टर किंवा अॅक्रिलिकमध्ये तर त्यांना खायला काहीच नाही.

त्यांना हवं असतं ते प्राण्यापासून आलेलं: लोकर, रेशीम, पिसं, केस, कातडं, नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड). सुती कपडा ते खातात तो त्यावर घाम, तेल, आमटीचा डाग किंवा खळ असेल तर. मग डागाबरोबर कापडही जातं. म्हणून भोक कुठे आहे ते नीट बघा. काखेत, कॉलरच्या घडीत, पदराच्या डागाभोवती असेल तर संशय किड्यावर घ्या. एकसारख्या उंचीवर, रोज घासणाऱ्या जागी असेल तर किडा निर्दोष आहे.

बाजारात "वूलन" म्हणून मिळणारे कितीतरी स्वेटर निव्वळ अॅक्रिलिकचे असतात. शंका असेल तर आतल्या शिवणीतून एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत किंवा सिंकवर पेटवून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात भुरभुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लॅस्टिकचाच भाऊ. अशा स्वेटरसाठी जीव आटवू नका, खरी लोकर किती आणि कुठे आहे ते आधी मोजा. आमच्या घरात मोजायला गेले तेव्हा बावीसपैकी सातच कपडे खरे लोकरीचे निघाले. काम तिथेच एक तृतीयांश झालं. लोकर आणि अॅक्रिलिक यांची मिसळ असेल तर मात्र तो कपडा लोकरीतच धरा.

कसर हा एक शब्द, किडे चार

मराठीत "कसर लागली" म्हटलं की कापड गेलं एवढं कळतं, कोणी खाल्लं ते कळत नाही. उपाय मात्र खाणाऱ्यावर ठरतो.

पहिला, कपड्यांवरचा पतंग. फिक्कट सोनेरी, पंख मिटून बसला तर तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठा नाही. दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग हा नव्हे. याला उजेड नको असतो, कपाट उघडलं की तो घडीत पळतो. गंमत म्हणजे उडणारा पतंग काहीच खात नाही, त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. खाते ती त्याची पांढुरकी अळी. मादी चाळीस-पन्नास अंडी कापडाच्या विणीत घालते. ती इतकी बारीक असतात की झटकून सगळी पडतील या भरवशावर राहू नये. उबदार हवेत ती आठवड्याभरात फुटतात. अळी कापडावर रेशमी जाळं विणत पुढे सरकते आणि मागे रवाळ विष्ठा टाकते. मफलर पांढऱ्या चादरीवर झटकला तेव्हा मला वाटलं राखाडी रवाच सांडला. या विष्ठेला खाल्लेल्या कापडाचा रंग येतो. लाल शाल खाल्ली तर कण लाल. चादरीवरच्या कणांचा रंग बघूनही कोणता कपडा पोखरला जातोय ते ओळखता येतं.

दुसरी, पिशवीतली अळी. ही तुम्ही नक्की पाहिली आहे. भिंतीवर, कपाटामागे, पंख्याच्या वर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी, सेंटीमीटरभर लांबीची पिशवी चिकटलेली असते. आपण तिला सिमेंटचा खवला समजतो आणि थोड्या वेळाने ती चार बोटं पुढे गेलेली असते. दोन्ही टोकं उघडी, त्यातून अळी डोकं काढते आणि पिशवी ओढत चालते. आपल्याकडच्या दमट घरांत ती सर्रास दिसते. तिचं मुख्य खाणं म्हणजे कोळ्याची जुनी जाळी, मेलेले किडे आणि गळलेले केस, पण वाटेत लोकर भेटली तर तीही सोडत नाही. तिची एक जवळची बहीण खास लोकरीवर जगते आणि जी शाल खाते त्याच शालीच्या तंतूंची पिशवी विणून त्या रंगात लपून बसते.

तिसरा, गालिच्याचा भुंगेरा. पूर्ण वाढलेला किडा दोन ते चार मिलिमीटरचा, गोलसर, काही जातींत पाठीवर पांढरा-तपकिरी नक्षीचा ठिपका. तो फुलांतला पराग खातो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला खिडकीच्या काचेशी किंवा चौकटीत मेलेला सापडतो. खरी चोर त्याची केसाळ, पट्टेवाली, तपकिरी अळी. ती वाढता वाढता अनेकदा कात टाकते. कपाटाच्या कोपऱ्यात अळीच्याच आकाराची पोकळ, केसाळ सालं मिळाली की हीच. ही जाळं विणत नाही आणि एका जागी राहत नाही. म्हणून खोलीभर हिंडून चार कपड्यांना प्रत्येकी एखादं भोक पाडते. तिचे केस लागून काही जणांच्या अंगावर पुरळ उठतं आणि घरात ढेकूण झाले असा गैरसमज होतो.

चौथा, चंदेरी किडा. अनेक घरांत कसर म्हणतात ती यालाच. पंख नाहीत, मागे तीन शेपट्या, दिवा लावला की माशासारखा सुळकन सरकतो. याला खळ, डिंक, कागद प्रिय. लोकरीपेक्षा खळ घातलेली सुती साडी, इस्त्रीच्या आधी खळवलेला सदरा आणि पुस्तकांच्या पाठी हे त्याचं जेवण. तो कापड पृष्ठभागावरून खरवडतो, त्यामुळे आधी पातळ, विरल्यासारखे ओरखडे दिसतात आणि नंतर वेडीवाकडी भोकं. त्याला दमट हवा लागते, कोरड्या कपाटात तो तग धरत नाही.

झुरळं आणि रातकिडेही डागाळलेलं कापड कुरतडतात, पण त्यांचा बंदोबस्त स्वयंपाकघरातून आणि गॅलरीतून होतो. कपाटाच्या पाठीमागे मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिच्यापुढे घरगुती उपाय चालत नाहीत, जाणकार माणूस बोलवा.

मूळ सापडेपर्यंत काही मारू नका

हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा आहे, आणि मी तो आधी टाळला म्हणून दोनदा हरले. मफलर धुतला, बॅग पुसली, गोळ्या दुप्पट केल्या. फेब्रुवारीत पुन्हा हॉलच्या पडद्यावर पतंग.

मग एका रविवारी टॉर्च, पांढरी चादर, जुना दात घासायचा ब्रश आणि झिपवाल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन बसले. एका वेळी एक कप्पा. कपडा पिशवीत घालूनच खोलीबाहेर न्यायचा, उघडा नेला तर अळ्या वाटेत सांडतात. चादरीवर उलगडायचा. शिवणी, खिसे, कॉलरखालची बाजू, शालीचे गोंडे, कोटाच्या अस्तराची कड ब्रशने उलटी करून पाहायची. शंकास्पद कपडा पिशवीत घालून बंद, निर्दोष वेगळा.

कपाटात काही विशेष मिळालं नाही. दिवाणाच्या कप्प्यात, सर्वात खाली, मामांनी सांगोल्याहून दिलेली घोंगडी होती. ती उचलल्यावर खाली भुकटीचा थर. घोंगडी म्हणजे या मंडळींची पंगतच: धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर, आणि विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ. लोकर खाणारे आणि खळ खाणारे दोघेही एका ताटात. कपाटातले पतंग हे तिथले पाहुणे होते, घर त्यांचं दिवाणात होतं.

तुमच्याकडे घोंगडी नसेल, पण अशी विसरलेली एक वस्तू असतेच. मी सांगते त्या जागा एकेक तपासा. हार्मोनियम वर्षानुवर्षं बंद असेल तर तिच्या आतला नमदा आणि चामडं. तबल्याची पुडी. भिंतीवर टांगलेली मोरपिसं. पायपुसण्याखाली आणि सोफ्याच्या फटीत साठलेले माणसांचे नि मांजराचे केस. जुन्या गादीखालचा लोकरी नमदा. आजोबांची काळी टोपी. आणि खिडकीबाहेर, एसीच्या मागे कबुतराचं घरटं. पिसं, विष्ठा आणि मेलेली पिल्लं हा भुंगेऱ्यांचा मोठा साठा. तिथून ते खिडकीतून आत येत राहतात आणि आपण आत कपाट पुसत बसतो. अंडी-पिल्लं नसताना ते काढा, नाकातोंडाला मास्क लावून, आधी पाणी शिंपडून, म्हणजे धूळ उडत नाही. मग जाळी बसवा.

पतंगांसाठी चिकट सापळे ऑनलाइन मिळतात, त्यांना मादीच्या वासाची गोळी लावलेली असते. त्यावर फक्त नर अडकतात, म्हणून त्याने उपद्रव संपत नाही. पण दोन खोल्यांत दोन सापळे लावले तर कुठल्या खोलीत जास्त अडकतात ते कळतं. दिवाणाची खोली मला त्यानेच दाखवली. घेताना सापळा कपड्यांच्या पतंगाचाच आहे ना ते पाहा. धान्यातल्या पतंगाचा सापळा वेगळा असतो आणि इथे निरुपयोगी.

कपड्यांवरचा उपचार

चार वाटा आहेत. कपडा पाहून निवडा.

ऊन ही आपली जुनी आणि फुकटची वाट, पण ती अर्धवट वापरली जाते. गच्चीवर दोरीवर शाल टाकली की बऱ्याच अळ्या उजेड नको म्हणून घडीत शिरतात किंवा खाली पडतात. अंडी जागच्या जागी राहतात. किड्याच्या सगळ्या अवस्था मारायच्या तर कपड्याच्या आतलं तापमान पन्नास अंशांच्या वर जाऊन काही वेळ टिकायला हवं. त्यासाठी एप्रिल-मेचं ऊन आणि कचऱ्याची जाड काळी पिशवी. घोंगडी किंवा स्वेटर पूर्ण कोरडा असू द्या, पातळ थर होईल असा पिशवीत पसरा, तोंड बांधा, दुपारी अकरा ते चार गच्चीच्या तापलेल्या फरशीवर ठेवा आणि मध्ये एकदा पालथा करा. घडीच्या मधोमध एखादा स्वयंपाकाचा थर्मामीटर ठेवला तर अंदाजाने काम करावं लागत नाही. मी पहिल्या दिवशी घोंगडी चौघडी ठेवली होती, मधला भाग त्रेचाळीसच्या पुढे गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी एकेरी पसरली, तीन मोठ्या पिशव्या फाडून जोडाव्या लागल्या, तेव्हा छप्पन्न झालं. लागोपाठ तीन दिवस केलं. रेशीम, जर आणि गडद रंगाची जुनी वस्त्रं असल्या उन्हात नकोत, रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो.

फ्रीजर ही पावसाळ्यातली वाट. उणे अठरा अंशांना कपडा आठवडाभर ठेवायचा, मी दोन आठवडे ठेवते. कपडा कोरडा हवा, पिशवीतली हवा दाबून काढायची, वरून दुसरी पिशवी. ही दुसरी पिशवी किड्यांसाठी नाही, शेजारच्या बोंबलांसाठी आहे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. एक दिवस तशीच बाहेर राहू द्या, म्हणजे पाणी पिशवीच्या बाहेर सुटतं, कपड्यावर नाही. मग उघडून ब्रशने झाडा. जुन्या एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा एवढा गार होत नाही, त्यात ठेवून समाधान मानू नका. स्वेटर, मफलर, टोप्या, मुलांची लोकरी खेळणी यांना हीच पद्धत सर्वांत सोपी.

धुणं: साठ अंश तापमानाच्या पाण्यात किडा कोणत्याही अवस्थेत जगत नाही, पण लोकरही जगत नाही, आटून बाहुलीच्या मापाची होते. म्हणून गरम पाणी फक्त सुती अभ्रे, चादरी, गोधड्यांच्या खोळी यांना. लोकर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायची, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि आडवी वाळवायची. त्याने घाम आणि डाग जातात, म्हणजे किड्याचं जेवण जातं. उरलेल्या अंड्यांसाठी वरून ऊन किंवा फ्रीजर करायचंच.

ड्रायक्लीनिंगने अळ्या-अंडी मरतात, महाग पडतं आणि सूट, अस्तराचे कोट, भारी शाली यांना तेच बरं. दुकानदाराला आधी सांगा की कसर लागली आहे, म्हणजे तो तुमचा कोट दुसऱ्यांच्या कपड्यांत मिसळणार नाही. आणि घरी येताच प्लॅस्टिकचं आवरण काढून एक दिवस वाऱ्यावर टांगा.

वाफेच्या इस्त्रीने शिवणीतली अंडी मारता येतात, जिथे वाफ प्रत्यक्ष लागते तिथेच फक्त. मी ती पडद्यांच्या वरच्या चुण्यांना आणि सोफ्याच्या फटींना वापरते.

मग घराची पाळी

कपडे पिशव्यांत बंद असताना रिकामं कपाट साफ करायचं. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचं चिंचोळं तोंड लावून फळ्यांच्या सांध्यांतून, खिळ्यांच्या भोकांतून, कप्प्याच्या खालच्या बाजूने फिरवा. दिवाणाची फळी उचलून खालची जमीन, भिंतीलगतची पट्टी, पलंगाचे पाय, गालिच्याच्या पालथ्या कडा, पंख्याचा वरचा भाग. साठलेला कचरा पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर. तो व्हॅक्यूममध्येच राहिला तर अळ्या तिथे केसांच्या गोळ्यावर सुखाने वाढतात. व्हॅक्यूम नसेल तर ताठ ब्रश, सुपली आणि शेवटी ओला फडका. पातळ झाडणीने मात्र अर्धे केस फटीतच ढकलले जातात.

कोळ्यांची जाळी काढा, म्हणजे पिशवीतल्या अळ्यांचं खाणं बंद होईल. भिंतीवरच्या पिशव्या फडक्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. नुसत्या झाडून खाली पाडल्या तर संध्याकाळपर्यंत पुन्हा चढतात.

चंदेरी किड्यासाठी साफसफाईपेक्षा ओल महत्त्वाची. बाथरूमच्या भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा. भिंतीत पाणी मुरत असेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर बाकी सगळं वाया. पावसाळ्यात कपाटात ओलावा शोषणारे डबे ठेवा आणि त्यातलं साठलेलं पाणी वेळेवर फेका. ते सांडलं तर कपड्यावर चिकट डाग पडतो. फटींत बोरिक पावडरीची अगदी पुसट रेघ चालते, पण घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर ती नकोच.

ही सगळी सफाई एकदा करून भागत नाही. राहिलेली अंडी फुटायला आणि अळ्या दिसण्याइतक्या मोठ्या व्हायला वेळ लागतो. पहिल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी, आणि तितक्याच अंतराने तिसरी फेरी करा. मला तिसऱ्या फेरीत दिवाणाच्या बिजागरीत एकच अळी मिळाली. ती सापडली नसती तर हा लेख मी आज लिहीत नसते.

डांबरगोळ्या, कापूर, वेखंड

डांबरगोळीतून निघणारी वाफ किड्याला मारू शकते, पण ती कोंडून दाट झाली तरच. ज्या कपाटाच्या दारातून आपल्याला वास येतो त्या कपाटातून वाफ बाहेर चालली आहे, म्हणजे आत कमी आहे. आपल्या फुप्फुसात जाते आणि अळी खात राहते. वापरायचीच तर घट्ट झाकणाच्या लोखंडी ट्रंकेत, सुती पुरचुंडीत बांधून, कपड्यांच्या वर. वाफ हवेपेक्षा जड असते, खाली उतरते. गोळी कपड्याला, विशेषतः जरीला आणि प्लॅस्टिकच्या बटणांना टेकू देऊ नका. डांबरगोळ्या, बाथरूमच्या गोळ्या आणि कापूर एकत्र ठेवू नका, ते एकमेकांत विरघळून ओघळतात आणि तेलकट डाग पडतो.

बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी अजिबात नको, हे मी ठासून सांगते. आपल्याकडे पहिल्या बाळाची झबली, टोपडी, दुपटी ट्रंकेत गोळ्या घालून दुसऱ्यासाठी जपून ठेवतात आणि बारशाला तशीच काढतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. तशी ठेवलेली दुपटी हाताशी असतील तर ती वापरू नका, निदान बाळ मोठं होईपर्यंत.

वेखंडाच्या कांड्या, कडुलिंबाचा वाळलेला पाला, लवंगा, तंबाखूचं पान. आजीच्या ट्रंकेत हे सगळं असायचं. वासाने काही किडे लांब राहतात, आत बसलेली अळी मरत नाही. म्हणून स्वच्छ, तपासलेल्या कपड्यांत राखणदार म्हणून ठेवा, औषध म्हणून नको. दोन गोष्टी पाळा: पाला पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर बुरशी येते, आणि सगळं पातळ मलमलच्या पुरचुंडीत, नाहीतर रेशमावर पिवळे डाग. वर्षातून दोनदा बदला. वेखंडाचा वास गेला की ती नुसती काटकी.

पैठणी आणि शालू

आईच्या पैठणीला मी ना काळ्या पिशवीत घालत, ना फ्रीजरमध्ये. रेशमाला कसर लोकरीइतकी लागत नाही. तिचे खरे शत्रू घडी, घाम आणि ओल. लग्नाहून आल्या आल्या साडी कपाटात जाऊ नये. सावलीत, पंख्याखाली रात्रभर पसरावी, पदराला अत्तर-केशराचा डाग असेल तर लगेच जाणकाराकडे द्यावी. मग धुऊन खळ काढलेल्या मऊ सुती कापडात, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या कव्हरात ओल कोंडते आणि जर काळवंडते. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी. ते करताना आपोआप तपासणीही होते, आणि आई त्या साडीची गोष्ट पुन्हा सांगते, तेवढा वेळ धरून चला.

लोकरीचं उलट. धुऊन-वाळवून निर्दोष केलेला स्वेटर झिपच्या पिशवीत हवाबंद ठेवलेला उत्तम. सुती साड्या वर्षभरासाठी ठेवायच्या तर खळ धुऊन काढूनच ठेवा, पुन्हा नेसायच्या आदल्या आठवड्यात खळवा.

आपल्याकडे या कामाला वर्षाचे दोन मुहूर्त सोयीचे. मेचा दुसरा-तिसरा आठवडा, पावसाआधी, गरम कपडे आणि घोंगड्या तापवायला. आणि दसरा-दिवाळीच्या मधला ऑक्टोबरचा कडक उन्हाळा, पावसाळ्यात कोण आत आलं ते पाहायला. लंडन-लीड्सकडे राहणाऱ्या मराठी घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत लोकरी गालिचा असेल तर दिवाणाऐवजी जड सोफ्याखालचा, कधी न झाडलेला तुकडा आधी उचला.

फवारणीवाल्याला कधी बोलवायचं

तीन फेऱ्यांनंतरही पतंग दिसत असतील तर. आमच्याकडे आधी एक जण येऊन गेला होता, ओट्याखाली आणि मोरीत फवारून वीस मिनिटांत पैसे घेऊन गेला, दिवाण उघडायलाही सांगितलं नाही. आता मी फोनवरच विचारते: कोणता किडा आहे ते आधी पाहणार का? औषध कोणतं? फटींत मारणार की कपड्यांवर? कपड्यांवर फवारतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. फवारणी होते ती रिकाम्या कपाटाच्या सांध्यांत आणि गालिच्याच्या कडांखाली, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपडे आत जात नाहीत.

एक गोष्ट मात्र कधीही नाही. धान्याच्या कणगीत टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी "एक ठेव, सगळं मरेल" म्हणून दिल्या तर घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद घरात माणसं दगावतात. शेजारच्या फ्लॅटमधलीसुद्धा.

रफू

भोकं पडलेला कपडा उपचार झाल्यावरच रफूवाल्याकडे न्या, नाहीतर किडा त्याच्या दुकानात सोडून याल. नेण्यापूर्वी प्रत्येक भोकाभोवती पांढऱ्या धाग्याचा सैल टाका घाला, बारीक भोकं दुकानातल्या उजेडात निसटतात. मफलरला मी सतरा टाके घातले होते. रफूवाल्याने तो हातावर पसरला, उजेडाकडे वळून अठरावं, एकोणिसावं भोक दाखवलं आणि रंगाचा धागा शोधायला रिळांकडे गेलाच नाही. मफलरच्या दुमडलेल्या कडेच्या आतून, जिथे कोणाला दिसणार नाही तिथून, सुईच्या टोकाने त्याच राखाडी लोकरीचा एक धागा सावकाश ओढून काढला आणि म्हणाला, "मंगळवारी या."